बरणीतली माती

फेब्रुवारीत सातपूरच्या माझ्या ऑफिसात एका दिवसात सात मुलाखती घेतल्या. त्यातली पाचवी अजून डोक्यातून जात नाही.

आमचं रोजचं काम इथलंच. प्लेटिंगवाल्यांचं सांडपाणी, वाइनऱ्यांचा गाळ, कागदपत्रं. नाशिकच्या काळ्या कातळात तेल नाही. इथं तेल म्हणजे मनमाडजवळच्या पानेवाडीच्या टाक्या, त्याही तयार मालाच्या. त्यामुळे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या तेलविहिरीशेजारचा जुना ड्रिलिंगचा खड्डा साफ करायचं पोटकंत्राट मिळालं, तेव्हा माणसं कुठून आणायची हाच पहिला प्रश्न होता. मुख्य कंत्राटदाराने दहा दिवस दिले आणि अट घातली की अभियंता नॅबेट मान्यतेचाच हवा. ती मान्यता पर्यावरण परिणाम अहवाल लिहिणाऱ्यांसाठी असते. खड्ड्यातल्या मातीशी तिचा काही संबंध नाही, हे मी दोनदा सांगितलं. पण टेंडर लिहिणारे साइटवर जात नाहीत.

टेबलावर मी एक काचेची बरणी ठेवली होती. त्याच खड्ड्यातली माती. काळपट, चिकट, झाकण उघडलं की खोलीभर डिझेलसारखा वास. प्रत्येकाला एकच प्रश्न: "ही समोर आली तर आधी काय कराल?"

पहिल्या चौघांची उत्तरं चुकीची नव्हती. टीपीएच तपासू, म्हणजे मातीत एकूण हायड्रोकार्बन किती ते बघू. 2016च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ड्रिलिंगचा कचरा कुठे बसतो, मॅनिफेस्टच्या, म्हणजे कचरा वाहतुकीच्या कागदाच्या, सात प्रती कोणत्या रंगांच्या, सगळं तोंडपाठ. एकाने जिवाणू किती किलो लागतील याचा हिशेबही मांडला. तेल खाणारे जिवाणू मातीत मिसळायचे, ओलावा आणि हवा राखायची, मधून मधून माती उलथायची. पद्धत चांगली आहे, आपल्या देशातल्या तेलक्षेत्रांत वापरलेली आहे. पण बरणीला चौघांपैकी कुणी हात लावला नाही.

पाचवे गृहस्थ पिंपळगाव बसवंतचे, पंचेचाळिशीचे. आधी तिथल्याच माती-पाणी तपासणीच्या लॅबमध्ये, मग सहा वर्षं वरच्या आसामात तेलाच्या साइट्सवर. बागजानच्या विहिरीतून 27 मे 2020 रोजी वायू उसळला आणि 9 जूनला आग लागली, तेव्हा ते तिनसुकियात होते. मान्यतेचा कागद नव्हता.

त्यांनी बरणी उघडली, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि विचारलं, "मॅडम, डिस्टिल्ड वॉटर आणि ईसी मीटर मिळेल?" ईसी म्हणजे विद्युतवाहकता; पाण्यात क्षार जितके जास्त, तितका आकडा मोठा.

माती पाण्यात ढवळून ग्लास बाजूला ठेवला. वर तेलाचा इंद्रधनुषी तवंग आला. त्याकडे त्यांनी बघितलंही नाही. गाळ खाली बसायची वाट बघितली, मीटर बुडवला आणि आकडा माझ्याकडे फिरवला.

"तेल दिसतं, त्याचा वास येतो, म्हणून सगळे तेलाच्या मागे लागतात. ड्रिलिंगच्या चिखलात पोटॅशियम क्लोराइड घालतात, वर भूगर्भातलं खारं पाणी. जिवाणू तेल खातील, मीठ कोण खाणार? आसामात पाऊस इतका की बरंचसं धुऊन जातं. मेहसाण्यात जाणार कुठं? ऊन लागलं की वर येईल."

मी गप्प बसले. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागायतदारांचं. आमच्याकडे पोटॅश द्यायचं तर सल्फेटचंच, क्लोराइडचं बागेला नको, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. खाऱ्या पाण्यात टिकावी म्हणून वेल डॉगरिजच्या खुंटावर भरतात. माती तपासायला दिली की वडील आधी ईसी बघायचे. आणि टेंडरच्या परिमाणपत्रकात टीपीएचच्या ओळी मी दहादा वाचल्या होत्या. ईसी, क्लोराइड, सोडियम कुठेच नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांच्यासमोरच मुख्य कंत्राटदाराला फोन लावला. उत्तर आलं, "स्कोपमध्ये नाही. मालकाने मागितलेलं नाही."

त्यांनी हात पुसले. "तीन ओळी वाढवून घ्या मॅडम, मी उद्या निघतो. नाहीतर शेजारच्या शेतकऱ्याला जमीन साफ झाली म्हणून सांगायला मला लावू नका." आणि पिशवी घेऊन गेले.

दहा दिवस संपत आले होते. मी चौथ्या उमेदवाराला पाठवलं, मान्यतावाल्याला. पोरगा मेहनती आहे, त्याची तक्रार नाही. टीपीएच महिन्यागणिक उतरत गेलं, वास गेला, फोटो छान आले. मेअखेरच्या एका फोटोत मात्र बांधाच्या कडेला पांढुरकी साय दिसली. त्या बांधापलीकडे जिऱ्याचं शेत आहे.

मी स्वतःच्या खर्चाने बारा पिशव्या माती मागवून पिंपळगावला तपासायला दिली. संपृक्त अर्कात, म्हणजे पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यात, ईसी मीटरला 4 डेसिसायमनच्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त धरतात. बारापैकी नऊ वर आहेत.

आता जुलै आहे. काम पूर्ण झाल्याचा दाखला माझ्या सहीसाठी आला आहे. त्यात लिहिलेला प्रत्येक आकडा खरा आहे. सही केली नाही तर सहा जणांचे पगार अडतात. लॅबचा रिपोर्ट जोडून पाठवला तर कंत्राटदार पुढचं काम देणार नाही, हे त्याने आडून सांगितलंच आहे.

काल रात्री पिंपळगावच्या त्या गृहस्थांना फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "नमुने किती खोलीवरचे घेतले?"

"वरच्या पंधरा सेंटिमीटरचे."

"मीटरभर खालचे घ्या मॅडम. आता पाऊस झालाय, मीठ खाली उतरलं असेल."