मेथी खलास, ४६४.५५०

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या स्कॅनरवर, म्हणजे आसपासची रेडिओवरची बोलणी ऐकवणाऱ्या यंत्रावर, ४६४.५५० मेगाहर्ट्झला कुणीतरी गुजरातीत ओरडायचा, "केटला? केटला?" म्हणजे किती? दुसरा दमलेल्या आवाजात सांगायचा, "चार. पाछळ मूक." चार, मागे ठेव. की स्कॅनर पुन्हा गप्प. मार्चपासून हे चाललं होतं. बोलतंय कोण, काही कळेना. जेवताना माझं लक्ष ताटात नसतं, ही बायकोची तक्रार तेव्हाचीच.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. इथे पोलिसांच्या, अग्निशमन दलाच्या, रेल्वेच्या फ्रिक्वेन्सींच्या तयार याद्या मिळतात. १६०.९२० लावलं की नॉर्थईस्ट कॉरिडॉरवरच्या अ‍ॅमट्रॅकच्या गाड्या बोलायला लागतात. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये लहानाचा मोठा झालेल्या माणसाला तेही गोडच लागतं. पण ते आयतं वाढलेलं ताट. जो आवाज कुठल्याच यादीत नाही, त्याचा माग काढायचा, खरा नाद तो.

मी ४६१ ते ४६५ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा शोधत बसतो. दुकानं, हॉटेलं, गोदामं, पार्किंगवाले, सगळी मंडळी इथे भेटतात. १ जानेवारी २०१३ पासून या पट्ट्यात साडेबारा किलोहर्ट्झचे अरुंद चॅनल बंधनकारक झाले, म्हणून स्कॅनरचं पाऊलही साडेबाराचंच ठेवायचं. चार मेगाहर्ट्झमध्ये ३२० पावलं. माझा जुना स्कॅनर तीन-चार सेकंदांत एक फेरी मारतो. तेवढ्यात कुणी नुसतं "ओके" म्हणून गप्प बसला, तर तो निसटलाच. त्यामुळे तास तास बसावं लागतं, तेही कान देऊन.

आवाज सापडला की वहीत नोंद: वार, वेळ, कोणते शब्द, किती जोरात, आणि टोन. टोन म्हणजे बोलण्याखाली सतत चालू असलेला खर्जातला सूर, साधारण ६७ ते २५० हर्ट्झमधला. आपल्याला तो ऐकू येत नाही. स्पीकरपर्यंत पोचायच्या आतच गाळला जातो. पण समोरच्या रेडिओला आपला सूर मिळाला तरच तो तोंड उघडतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर चार जण असले तरी टोनवरून ते वेगळे काढता येतात. माझ्या "केटला"वाल्याचा टोन होता १३६.५.

एरवी पुढचं काम सोपं. एफसीसी, म्हणजे रेडिओचे परवाने देणारं इथलं सरकारी खातं, त्याच्या परवान्यांच्या नोंदीत फ्रिक्वेन्सी आणि काउंटी टाकली की परवानेदाराचं नाव, अँटेनाची जागा, ताकद, सगळं समोर येतं. पण ४६४.५५० पडली फिरत्या वापराची. आज इथे, उद्या तिथे. विकत मिळणाऱ्या रेडिओंच्या खोक्यावर पिवळा ठिपका असतो तीच ही. नोंदीत नाव सापडलं तरी जागा सापडत नाही. मग अंदाज बांधत बसलो. आधी म्हटलं गोदाम, मग म्हटलं लग्नाचा हॉल, "चार" म्हणजे चार खुर्च्या. एका रविवारी "मेथी" ऐकलं तेव्हा केटरर हे नक्की केलं आणि वहीत शाईनं लिहूनही टाकलं.

शाईनं लिहायची माझी खोड जुनी. सुरुवातीच्या दिवसांत १३९.७ वर आवाज सापडला होता. हा पट्टा लष्कराचा, त्यामुळे मी हरखलो. आवाज फाटका येत होता. एफएमचं एएम केलं तसा स्वच्छ झाला, आणि तिथेच शहाणं व्हायला हवं होतं, कारण एएमवर बोलतात ती विमानं. स्कॅनर आलेला आवाज आधी पोटातल्या एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर उतरवून घेतो, आणि तिच्या दुप्पट अंतरावरचा जोरदार आवाज कधीकधी चुकून आत शिरतो. माझ्या स्कॅनरच्या पोटातली फ्रिक्वेन्सी १०.७, तिची दुप्पट २१.४. १३९.७ मधून वजा केली की उरतात ११८.३, म्हणजे नेवार्क विमानतळाचा टॉवर. लष्कर वगैरे काही नव्हतं, उतरायला निघालेलं प्रवासी विमान माझ्या यंत्रात भलत्याच जागी उमटत होतं. तोवर दोन मित्रांना फोन करून झाले होते.

पुतण्या म्हणतो, काका, येताना मलाही एक आणा. मी नाही म्हणतो. भारतात असं यंत्र परवान्याशिवाय जवळ बाळगता येत नाही. आधी हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या परवान्याची परीक्षा दे म्हटलं. तेव्हापासून त्याचा फोन नाही.

तर मेथी. जूनमधल्या एका रविवारी ओक ट्री रोडवर किराण्याला गेलो होतो. ही आत गेली, मी गाडीतच, स्कॅनर मांडीवर. त्यात क्लोज कॉल म्हणून एक सोय आहे. अगदी जवळ कुणी रेडिओचं बटण दाबलं, तर आपण काहीही लावलेलं नसलं तरी स्कॅनर थेट तिथे उडी मारतो. स्कॅनर टुणकन वाजला. पडद्यावर ४६४.५५०, टोन १३६.५, आणि छातीवर बसून बोलावा तसा आवाज, "मेथी खलास! पाछळ जो." मागे बघ.

मी गाडी लॉक करून आत गेलो. भाजीच्या रॅकपाशी विशीतला एक पोरगा, कमरेला काळा रेडिओ, अँटेनेच्या बुडाला सेलोटेप गुंडाळलेली. रिकाम्या टोपल्यांकडे बघत तो कुणाची तरी वाट पाहत होता. कमरेवरून आवाज आला, "केटला?" त्यानं बटण दाबलं, "चार." चार खोकी! घरी तोच आवाज खरखरीतून चाळून आल्यासारखा येई. इथे त्यात फ्रीजची घरघर आणि एका लहान मुलाचं रडणंसुद्धा होतं.

हिनं मला पाहिलं. "तुम्ही आत कसे?"

"मेथी येतेय. दोन मिनिटं थांब."

"तुम्हाला काय माहीत?"

खोकी आली. दोन जुड्या घेतल्या.

घरी येऊन वहीतलं "केटरर" खोडलं, दुकानाचं नाव लिहिलं आणि १३६.५ची नोंद कायमची बंद केली. एकदा ओळख पटली की मला त्यांच्या मेथीत रस नाही, हे हिला अजून खरं वाटत नाही. आता त्याच ४६४.५५० वर रात्री नऊनंतर एक बाई स्पॅनिशमध्ये आकडे सांगते. टोन ९४.८. सत्तावीस, एकतीस, मधेच चौदा. हॉटेलच्या खोल्या असाव्यात, असं वाटतंय. या वेळी पेन्सिलनं लिहिलंय.