क्लब गल्लीचा की दिल्लीचा?

दोन जुन्या फियाट शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की तासाभरात क्लब निघतो. तिसरी आली की त्याला अध्यक्ष मिळतो. चौथीच्या मालकाला मग सुचतं, नावात ‘पुणे’ कशाला, ‘अखिल भारतीय’च लावू की! सोसायटी नोंदवायला कायद्यानं सातच सभासद लागतात आणि लेटरहेड छापायचा खर्च दोन्ही नावांना सारखाच येतो. त्यामुळे ठराव सहसा एकमताने मंजूर होतो.

गावातला की अखिल भारतीय, यातला कोणता क्लब कामाचा, हे मात्र बॉनेट उघडल्याशिवाय कळत नाही. उदाहरणाला प्रीमियर पद्मिनीच घेऊ. प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी बाहेर पडली ती पन्नासच्या दशकातली गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, मग १९६४ची डिलाइट. १९७३ साली तिचं नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या बगलेतला चार गिअरचा दांडा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. एकही इलेक्ट्रॉनिक सेन्सर नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, कानाला ऐकू येतं आणि बहुतेक वेळा नाकालाही समजतं. अशा गाडीला क्लब कशाला हवा, असं कोणी विचारेल. त्यानं मे महिन्यात दुपारी एकला खंबाटकी चढून बघावी.

घाटात गाडी दोन झटके देते आणि गप होते. कारणं मुळात दोनच, करंट नाही किंवा पेट्रोल नाही. तपासणी कायम करंटपासून सुरू करायची. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलमधून डेल्कोच्या, म्हणजे चारही प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीत जाणारी मधली वायर उपसायची, रबरी मुठीच्या पक्कडीत धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर न्यायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळट आणि मलूल पडली तर डेल्को उघडून करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट बघायचे. तोंडं काळी पडून खड्डे पडले असतील तर पॉइंट पॉलिश पेपरने घासून, साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवून गाडी घरापर्यंत येते. पण पॉइंट आठवड्यापूर्वीच बदललेले असून पुन्हा जळले असतील, तर गुन्हेगार कंडेन्सर, म्हणजे पॉइंटना जळण्यापासून वाचवणारी छोटी डबी. तो थंड असताना सज्जनासारखा वागतो, तापला की दगा देतो. म्हणून गाडी अर्धा तास उभी राहून निमूट सुरू होते आणि तीन किलोमीटरवर पुन्हा रुसते.

ठिणगी निळी असेल तर मोर्चा पेट्रोलकडे. आता ठिणगी पडू नये म्हणून इग्निशनमधून कॉइलकडे येणारी बारीक वायर सोडवून तिचं टोक कुठे टेकणार नाही असं ठेवायचं, कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचं तोंड बाटलीत धरायचं आणि पुन्हा सेल्फ. (हा क्रम उलटा करू नये. उघड्या पेट्रोलशेजारी ठिणगी बघायला गेलं की क्लबऐवजी अग्निशमन दल लागतं.) पिचकाऱ्यांसारखं पेट्रोल आलं तर पंप ठीक, कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तुंबलेलं असणार. नुसते बुडबुडे आले तर व्हेपर लॉक. या गाडीचा यांत्रिक पंप इंजिनालाच बोल्ट केलेला असल्यानं इंजिनाची सगळी धग तो अंगावर घेतो. नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप बिचारा वाफच ढकलत बसतो. यावर ओलं फडकं पंपावर टाकून दहा-पंधरा मिनिटं झाडाखाली बसायचं. नळी इंजिनाच्या तापलेल्या मॅनिफोल्ड पाइपांपासून लांबून फिरवून तिच्यावर उष्णतारोधक कापडी नळा चढवला की दुखणं पुष्कळ कमी होतं.

या अर्ध्या तासात राष्ट्रीय क्लब काय करणार? सहानुभूती पाठवेल. शिरवळच्या सभासदानं स्कूटरवरून आणून दिलेला कंडेन्सर मात्र गाडी चालू करतो. रस्त्यावर लागणारी सगळी मदत पन्नास किलोमीटरच्या आतली असते, आणि स्थानिक क्लबानं आधी बघावी ती हीच गोष्ट. रविवारी पंधरा-वीस गाड्या निघाल्या, तर शेवटची गाडी सगळ्यांत भरवशाची असावी आणि तिच्या डिकीत पॉइंटचा सेट, दोन कंडेन्सर, एक कॉइल, फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज, क्लिपा, मीटरभर पेट्रोलची नळी, दहा लिटर पाणी आणि ओढायचा दोर हवा. उन्हाळ्यात साडेसहाच्या आत निघावं आणि दहाच्या आत परतावं. उतारावर ब्रेकवर भिस्त न ठेवता ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरावं, कारण ड्रम ब्रेक तापले की पेडल दाबलं जातं पण गाडी थांबत नाही.

दुखणीही गावागणिक वेगळी. कोकणात आणि गोव्यात खारी हवा पत्रा खाते. दारांच्या तळाची पाणी जायची भोकं बुजली की दार आतून सडतं; बॅटरीचा ट्रे, डिकीतला स्टेपनीचा खड्डा आणि पुढच्या कार्पेटखालचा पत्रा पाठोपाठ जातात. नागपूरला पत्रा टिकतो, पण उन्हानं डॅशबोर्ड तडकतो आणि खिडक्यांची रबरं पापडासारखी मोडतात. कोल्हापूरकरांचं सुख निराळंच. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनची बुशं झिजून पुढची चाकं डुलायला लागली, की उद्यमनगरात नमुना दाखवून लेथवर नवी बुशं काढून मिळतात. पुण्यात नाना पेठ पालथी घालायची, नाहीतर बुधवारी आणि रविवारी जुना बाजार. मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. कोणत्या दुकानात जुना माल शिल्लक आहे आणि कोणता दुकानदार नव्या डब्यात जुनाच माल घालून देतो, हे ज्ञान स्थानिकच असतं. छापून ठेवलं तर सहा महिन्यांत शिळं होतं.

इथवर स्थानिक क्लबाचा निकाल लागल्यासारखा वाटतो. पण रबर मोडलं की हिशेब बदलतो.

पद्मिनीचे पार्ट इतकी वर्षं मिळत राहिले याचं श्रेय शौकिनांकडे जात नाही, ते टॅक्सीवाल्यांचं आहे. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या घरात टॅक्सी होत्या आणि त्यातल्या बहुतेक पद्मिनीच. रोज बारा-पंधरा तास पळणाऱ्या इतक्या गाड्या असल्या की क्लच प्लेट, ब्रेक शू, किंगपिन बनवणारे छोटे कारखानदार आपोआप तगून राहतात. गाडीचं उत्पादन २०००च्या सुमारास थांबलं. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तिच्यामागोमाग ते कारखानदारही हळूहळू दुसऱ्या मालाकडे वळणार, हे उघड आहे. शौकिनाची गाडी वर्षाला हजार किलोमीटर चालते. त्याच्या ब्रेक शूवर कोणाचं घर चालणार?

समोरच्या काचेच्या रबराचंच बघा. ते कडक झालं की कोपऱ्यात भेगा पडतात, पावसाचं पाणी डॅशबोर्डच्या मागून कार्पेटखाली उतरतं आणि जमिनीचा पत्रा गंजतो. लोक डेंटरकडे जाऊन पत्रा बदलतात आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा बदलतात, कारण रबर तेच असतं. नवं रबर काढायचं तर डाय, म्हणजे साचा, बनवावी लागते, आणि कारखाना दहा-वीस मीटरसाठी यंत्र लावत नाही. समजा डाय आणि किमान खेप मिळून दीड लाख रुपये लागले. पुण्यातल्या वीस जणांत वाटले तर प्रत्येकी साडेसात हजार. देशभरातल्या तीनशे जणांत वाटले तर पाचशे. हा भागाकार कोणत्याही गल्लीतल्या क्लबाला जमत नाही.

त्यातही फसायला जागा पुष्कळ. जुन्या रबराच्या मापानं डाय करू नये, कारण जुनं रबर आकसलेलं असतं. माप घ्यायचं ते पत्र्याच्या कडेच्या जाडीचं आणि काचेच्या जाडीचं. मधल्या काळात काच बदललेली असेल तर तिची जाडी मूळ काचेपेक्षा वेगळी असू शकते. म्हणून निदान चार गाड्या तपासाव्यात. माल ईपीडीएम जातीचं रबर, कडकपणा शोर ए मापानं ६० ते ७०. त्याहून कडक घेतलं तर कोपऱ्यात बसत नाही, मऊ घेतलं तर काच सरकते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून नळ्यांचं आणि पंपातल्या रबरी पडद्याचं, म्हणजे डायफ्रॅमचंही असंच झालं आहे. साधी रबरी नळी फुगते, आतून सोलते आणि तिचे काळे कण जेटमध्ये जाऊन बसतात. फ्लुओरोरबराची, म्हणजे बाजारात व्हायटॉन म्हणून मिळणारी नळी कोणीही मीटरवर घेऊ शकतो, पण त्या जातीचा पद्मिनीच्या पंपाचा डायफ्रॅम एकट्यासाठी कोणी कापून देणार नाही.

दुसरी अडचण कागदांची, आणि ती तर थेट दिल्लीची. गाडी जुनी कधी होते, यावर आपल्याकडे एकवाक्यता नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झाली आणि सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसले तरच ती ‘व्हिंटेज’. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं; आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मग ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा मात्र ३० वर्षांच्या, नीट जपलेल्या आणि रोजच्या वापरात नसलेल्या गाडीला ऐतिहासिक म्हणते. विम्याच्या जुन्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये तिसरंच होतं. १९४० अखेरपर्यंत बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियानं प्रमाणित केलेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सूट. दिल्ली परिसरात तर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं कायम केलेल्या आदेशानं १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायलाच बंदी आली, आणि त्यावर नंतरही कोर्टात सुनावण्या होत राहिल्या. थोडक्यात, १९९०ची पद्मिनी फिवाच्या लेखी ठेवा, आपल्या कायद्याच्या लेखी २०४० पर्यंत नुसती म्हातारी.

हे ३० आणि ५० मधलं अंतर मिटवायला मंत्रालयात अर्ज घेऊन जायचं तर ‘रविवार पेठ फियाट मित्रमंडळ’ या शिक्क्याचा उपयोग नाही. तिथे देशभरातल्या गाड्यांची यादी हवी, चासिस नंबर आणि इंजिन नंबरसकट. फिवाशी संलग्न असलेलं फेडरेशन ऑफ हिस्टॉरिक व्हेइकल्स ऑफ इंडिया आहे, दिल्ली-मुंबई-कोलकात्यात जुने, मानाचे क्लब आहेत. पण त्यांच्या रॅलीत संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसपुढे पद्मिनीला जागा मिळते ती पार्किंगजवळ. आणि आपल्याकडचा बराचसा ‘राष्ट्रीय’ क्लब म्हणजे एका शहराचाच क्लब असतो, नाव तेवढं मोठं.

ब्रिटनमध्ये १९३०चा एमजी कार क्लब आहे. त्याची रचना बघण्यासारखी आहे: भेटीगाठींसाठी प्रांतवार केंद्रं आणि मॉडेलच्या माहितीसाठी वेगळी रजिस्टरं. मराठी माणसाला हे समजावायला इंग्लंडला जायचीही गरज नाही. विकास सोसायटी, जिल्हा बँक, शिखर बँक ही उतरंड आपल्या पाठच आहे. फक्त सहकारात जे झालं ते इथे टाळायला हवं, म्हणजे वरच्या मजल्यावर पैसा आणि सत्कार साठू द्यायचे नाहीत. सभासद स्थानिक क्लबाचा असावा, वर्गणी तिथेच राहावी आणि वर जावी ती फक्त प्रत्येक गाडीची एक नोंद.

त्या नोंदीत काय हवं, तेही ठरवून घ्यावं. चासिस नंबर पत्र्यावरून स्वतः टिपलेला, आरसीवरून उतरवलेला नको. इंजिन नंबर तसाच. बनावटीचं वर्ष आणि पहिल्या नोंदणीची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत, कारण ५० वर्षं दुसरीपासून मोजतात आणि दोन्हींत सहज वर्षभराचं अंतर असू शकतं. आरसीवर कंपनी ‘फियाट’ आहे की ‘प्रीमियर’, रंग कोणता, इंजिन कधी बदललं आणि तो बदल आरटीओत चढवला का. जुना तीन अक्षरी नंबर आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत आला आहे का. नसेल तर मूळ आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या कागदांवरची नोंद संगणकात, करून घेतल्याशिवाय नूतनीकरणाचा अर्ज पुढे सरकत नाही. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झाली आहे, तेव्हा चुकीच्या आरसीवर ती भरण्याआधी दोनदा बघावं. ज्याला दर रविवारी मिसळीसाठी गाडी बाहेर काढायची आहे, त्यानं ‘व्हीए’च्या मोहात न पडता साधी आरसीच दर पाच वर्षांनी चालू ठेवलेली बरी.

राष्ट्रीय संघटनेकडे मग उरतात तीनच कामं: हे रजिस्टर, वर्षाला दोन-तीन पार्टची एकत्र ऑर्डर आणि दिल्लीतला पत्रव्यवहार. रॅली नको, टाय नको, ब्लेझर तर नकोच. वार्षिक सभा हवीच असेल तर जुलैत घ्यावी. कोकणातला सभासद त्या दिवसांत गाडी झाकून बसलेला असतो, नागपूरकराला प्रवास सोसतो आणि कोणाच्या काचेतून पाणी गळतंय, हे विचारायची गरज पडत नाही.