नियम एक, पण शिस्तीची तऱ्हा वेगळी

घरातले नियम दोन्ही मुलांना सारखेच असावेत, याबद्दल माझे दुमत नाही. पण नियम मोडल्यावर आपण जे काही करतो, तेही सारखेच असले पाहिजे हा आग्रह मला पटत नाही. थोरलीला जरा वेगळ्या सुरात हाक मारली तरी तिचे डोळे भरून येतात आणि मग पुढचे बोलणे तिच्या कानावर पडते, डोक्यात शिरत नाही. धाकट्याला त्याच चुकीसाठी कोपऱ्यात बसवले, तर तो पायातला मोजा हातात चढवून त्याच्याशी गप्पा मारू लागतो आणि ‘ऊठ आता’ म्हटल्यावर ‘अजून थोडं बसू?’ असे विचारतो.

हा फरक लाडांमुळे पडला असे नातेवाईक म्हणतात. मात्र अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या अभ्यासात असे फरक अगदी तान्हेपणापासून दिसले होते. त्यांच्या वर्गवारीत सुमारे ४० टक्के मुले सहज जुळवून घेणारी, १० टक्के अवघड आणि १५ टक्के हळूहळू रुळणारी निघाली. उरलेली ३५ टक्के कोणत्याच गटात नीट बसली नाहीत. मुलांवर घाईने शिक्का मारणाऱ्या आपल्यासारख्या पालकांनी हा शेवटचा आकडा विसरू नये.

मानसशास्त्रज्ञ ग्राझीना कोचान्स्का यांचे संशोधन मला अधिक उपयोगी वाटले. भित्र्या स्वभावाच्या लहान मुलांमध्ये सौम्य शिस्तीने सदसद्विवेक चांगला रुजतो, तर निर्भय मुलांच्या बाबतीत शिस्तीच्या सौम्यपणापेक्षा आईशी असलेले जिव्हाळ्याचे, विश्वासाचे नाते अधिक परिणामकारक ठरते, असे त्यांना आढळले. म्हणजे बेडर मुलासाठी आवाज चढवत नेणे हा उपाय नव्हे, कारण त्याला आवाजाची भीती वाटतच नाही; तो ऐकतो ते आपल्याशी त्याचे गूळपीठ असते म्हणून.

त्यामुळे थोरलीशी मी ती शांत झाल्यावर, एकटीला गाठून आणि मोजकेच बोलते. तिने स्वतःला आधीच पुरेसे बोल लावलेले असतात. धाकट्याशी मात्र उशीर करून चालत नाही. पाणी सांडले की लगेच फडके हातात द्यायचे, व्याख्यान द्यायचे नाही, आणि खेळ थांबवायचा असेल तर थोडी आधी सूचना द्यायची, हे त्याला लागू पडते.

‘ताईला तू कधी कोपऱ्यात बसवत नाहीस’ ही त्याची तक्रार असतेच, आणि ती खरीही आहे. तिला वेगळ्या रीतीने समजावले जाते, पण सांडलेले तिलाही पुसावे लागते, एवढेच मी त्याला सांगते. फरशी कोरडी झाली की नाही, हे तो स्वतः वाकून तपासतो.