नर्सआजींची वही

नर्सआजी फेब्रुवारीत गेल्या आणि त्यांचं दफन मार्चमध्ये झालं. फोनवर सांगितलं तेव्हा आईला पटेचना. "इतके दिवस ठेवतात?" ठेवतात. इथे कागदपत्रांना वेळ लागतो, दफनभूमीची तारीख मिळावी लागते, आणि किंग्स्टन, टोरांटो, न्यूयॉर्कहून माणसं यायची असतात. तोवर घराचं दार काही बंद होत नाही. रोज कुणी ना कुणी डबा घेऊन येतं आणि बसतं.

बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमध्ये आमच्या त्या सख्ख्या शेजारीण, भिंतीला भिंत. मूळच्या जमैकाच्या. आमच्या लेकीने त्यांना 'नर्सआजी' केलं आणि मग आमच्या घरात तेच नाव चाललं. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली तरी लेकीला ताप आला की आधी त्यांच्याकडे न्यायचं. हात गरम पाण्याने धुऊन, पुसून, मगच कपाळाला लावायच्या. "डॉक्टर लागेल" किंवा "पाणी पाज आणि झोपव", एवढंच बोलायचं.

१९६१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बोटीने आल्या. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा १९४८ साली सुरू झाली आणि पहिल्यापासूनच तिला माणसं कमी पडत होती; ती कॅरिबियन बेटांवरून आणि आयर्लंडमधून आणली गेली. नर्सिंगचे तेव्हा दोन रस्ते होते. तीन वर्षं शिकून 'स्टेट रजिस्टर्ड', दोन वर्षांत 'स्टेट एनरोल्ड'. बढती पहिल्याला, वॉर्डची सिस्टर व्हायचं तर रजिस्टर्डच लागायचं. जमैकाहून आलेल्या कितीतरी मुलींना हा फरक कुणी नीट सांगितलाच नाही, सरळ दुसऱ्या रस्त्यावर घातलं. नर्सआजी त्यांतल्याच. एनरोल्डचा कागद परत जमैकात चालणारा नव्हता, म्हणजे परतीची वाटही तिथेच बंद झाली. पुढे एनरोल्डचं प्रशिक्षणच बंद झालं आणि जुन्या नर्सेससाठी कन्व्हर्जन कोर्स निघाले. तो करून त्या रजिस्टर्ड झाल्या, तेव्हा नातवंडं शाळेत जात होती.

थोरली लेक त्यांनी जमैकात आपल्या आईजवळ ठेवली होती. तिला बॅरलमधून कपडे, साबण, वह्या, बूट पाठवायचे. हे मोठाले पिंप भरून बोटीने धाडायची पद्धत अजून आहे; आमच्या गल्लीत अधूनमधून एखादं भरताना दिसतं. लेक इथे आली ती आठ वर्षांची होऊन. "बाई कोण म्हणून बघत होती माझ्याकडे," असं आजी एकदा वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या आणि पुढच्या शेंगेकडे वळल्या.

चर्चमध्ये सगळे सेवा, त्याग, देवदूत वगैरे बोलले. खोटं काहीच नव्हतं. पण मला आठवतात त्या हिशेबाला पक्क्या, जरा खडूस, निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन बसलेल्या आजी. ती वही पार्डनरची. पार्डनर म्हणजे आपली भिशी, तंतोतंत. समजा वीस जणांनी दर आठवड्याला पन्नास पाउंड टाकायचे, की दर आठवड्याला एकाला हजार उचलायला मिळतात. टाकायच्या रकमेला 'हँड' म्हणतात, उचलायच्या रकमेला 'ड्रॉ' आणि वही सांभाळणारीला 'बँकर'. साठच्या दशकात काळ्या माणसाला घरासाठी कर्ज तर सोडाच, खोली भाड्याने मिळायची मारामार. मग कितीतरी कुटुंबांच्या पहिल्या घराचे सुरुवातीचे पैसे असेच उभे राहिले. नर्सआजींचं घरही त्यातलंच. रात्रपाळी करून सकाळी मुलांना शाळेत सोडायच्या आणि मग झोपण्याआधी वसुली.

ड्रॉचा क्रम त्या स्वतः लावायच्या. कुणाला आधी, कुणाला मागाहून, यावर वाद नाही. पण पैसे कशासाठी हवेत ते सांगावं लागायचं, आणि कारण पसंत नसेल तर नंबर खाली. एका नातवाला गाडीसाठी हवे होते. त्याला शेवटचा नंबर मिळाला. मला वाटतं वॉर्डात जे पद त्यांना मिळालं नाही, ते त्यांनी इथे पुरेपूर वसूल केलं.

त्यांना एकदा लंडनला सेंट थॉमस हॉस्पिटलसमोर मेरी सीकोलचा पुतळा दाखवायला नेलं होतं. सीकोल किंग्स्टनच्या, जन्म १८०५. क्रिमियन युद्धात स्वतःच्या खर्चाने जाऊन सैनिकांची शुश्रूषा केली. पुतळा उभा राहिला २०१६ साली. आजींनी वर-खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "चालती दाखवलीय ते बरं केलं. नर्स बसलेली शोभत नाही."

दफनाच्या आदल्या रात्री 'नाइन नाइट' झाली. मूळ रिवाज मृत्यूनंतरच्या नवव्या रात्रीचा, पण इथे दफनाच्या तारखेप्रमाणे पुढे-मागे होतो. रडारड कमी, आवाज जास्त. मागच्या अंगणात तंबू, डॉमिनोजच्या सोंगट्या टेबलावर आपटल्याचा खटाखट आवाज, पांढरी रम, तळलेले मासे आणि मटणाची करी. ही करी १८४५ पासून जमैकात गेलेल्या भारतीय गिरमिटियांची देणगी; हळद मात्र आपल्यापेक्षा सढळ. एका टेबलावर आजींचं पान वाढून ठेवलं होतं, त्याला मध्यरात्रीपर्यंत कुणी हात लावायचा नाही. वर त्यांच्या खोलीत गादी उभी करून पलंगाची जागा बदलली, म्हणजे आत्म्याला खोली ओळखू येत नाही आणि तो अडकून राहत नाही. आमच्या लेकीने विचारलं, "आजीला रस्ता चुकवतात?" आजींच्या थोरल्या मुलीने हसून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत कामगारांना बाजूला उभं करून नातवांनी कोट काढले आणि आळीपाळीने फावड्याने स्वतः माती लोटली. बायका तोवर गात राहिल्या. बराच वेळ लागतो याला. गाडीवाला नातू सगळ्यात जास्त वेळ फावडं धरून होता.

वही आता धाकट्या नातीकडे आहे. तीही नर्स. एप्रिलपासून नवा पार्डनर सुरू करतेय, त्यात माझंही नाव घातलं. "पैसे कशाला हवेत?" तिने पेन उघडून विचारलं. आईला इकडे आणायचंय, तिकीट काढायचंय, म्हटलं. तिने मला अकरावा नंबर दिला आणि वर सांगितलं, शाळांच्या सुट्ट्या संपल्यावरचं तिकीट काढ, स्वस्त पडेल.