उलटा पुठ्ठा

आज काकांना घेऊन एका पोरीचं प्रदर्शन बघायला गेलो. भिंतीवर काय, तर मागावर नक्षी उतरवणाऱ्या जेकार्ड यंत्राचे भोकं पाडलेले पुठ्ठे! छतापासून सोडलेले, कडांना मागाच्या तेलाचे डाग तसेच. भोक असेल तिथं ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलला जातो. आपल्या सोलापुरी चादरीतला मोर असाच उतरतो.

१९४७ च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधले चित्रकार हुसेन (आपल्या पंढरपूरचे!), रझा, सूझा तिचे आवडते. पण त्यांनी कॅनव्हास धरून ठेवला, हिनं तोही सोडला. मला आधी हे जरा फॅशनच वाटलं, खरं सांगतो.

काका आयुष्यभर मागावर. "हे आम्ही रद्दीत घातलं की रे," म्हणाले. मग बोटानं भोकं चाचपत बसले.

"पोरी, हा एक पुठ्ठा उलटा लागलाय. फूल बिघडंल."

तिनं लगेच स्टूल आणलं.