अहवाल ‘स्वीकारलेला नाही’ म्हणून माहिती नाकारली तर

सरकारी पैशातून पर्यावरणाचा अभ्यास होतो, अहवालही सादर होतो, आणि मग ‘शासनाने तो अजून स्वीकारलेला नाही’ असं म्हणत कपाटात पडून राहतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये नकाराची कारणं मोजून दिली आहेत. त्यात हे कारण नाही. पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला. तो अंतिम नाही, उघड केला तर आर्थिक हिताला बाधा येईल, असा केंद्रीय मंत्रालयाचा पवित्रा होता. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये हा पवित्रा फेटाळला, मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानेही, आणि अहवाल संकेतस्थळावर आला.

पण बरेच अर्ज त्याआधीच, प्रश्नाच्या भाषेत अडकतात. ‘नदीचं पाणी धोकादायक आहे का?’ हे मत झालं. जन माहिती अधिकाऱ्याने दप्तरात आहे तेवढंच द्यायचं असतं. म्हणून कागद मागा: नमुने घेतल्याच्या तारखा व ठिकाणं, प्रयोगशाळेचे अहवाल, निधी मंजुरीचा आदेश आणि अभ्यास करणाऱ्या संस्थेला दिलेला कार्यादेश, म्हणजे काम सोपवल्याचा लेखी आदेश. माझ्या मते कार्यादेश सर्वांत मोलाचा. कच्च्या नोंदी सरकारजमा करायच्या होत्या की नाही, हे त्यातूनच कळण्याची शक्यता जास्त. नोंदी संस्थेकडेच असतील आणि ती मुख्यतः सरकारी निधीवर चालत असेल, तर अर्ज थेट तिच्याकडे करा. शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा प्रस्तावना गाळा.

सल्लागार कंपनी ‘व्यापारी गुपित’ म्हणून कलम ८(१)(घ) पुढे करते. अर्जातच लिहून ठेवा की व्यापक जनहित आहे, आणि तरीही काही वगळायचंच असेल तर कलम १० नुसार तेवढाच भाग वगळून बाकीचं द्यावं. त्रयस्थ पक्षाला, म्हणजे इथे त्या कंपनीला, नोटीस गेली तर उत्तरासाठी ३० ऐवजी ४० दिवस धरा. नकार आला की ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं. दुसऱ्याच्या सुनावणीला महिनोन्‌महिने लागतात, हेही गृहीत धरा.

प्रतींऐवजी फाइलची पाहणी मागितली तर केंद्राच्या नियमांत पहिला तास मोफत, पुढे तासाला ५ रुपये. पाहताना टिप्पणीची, म्हणजे अधिकाऱ्यांनी शेरे लिहिलेली, पानं चुकवू नका. अहवालावर कुणी, कोणत्या तारखेला, काय हरकत घेतली ते तिथेच लिहिलेलं असतं.