‘हळद, तीन’ : आमच्या रविवारच्या डावांची खबरबात

सांगलीच्या विश्रामबागेतला आमचा रविवारचा बोर्ड गेम्सचा अड्डा आता एका टेबलावर मावत नाही. तेव्हा यावेळची नोंद थोडी लांबणार.

सांगली बुद्धिबळाची पंढरी. इथं पट मांडला की बघे आपोआप गोळा होतात, पण सगळे चिडीचूप. आम्हाला माणसं बोलती करायची होती, म्हणून सुरुवात कटानने केली. क्लाउस टॉयबरचा हा १९९५चा जर्मन खेळ: मेंढ्या, विटा असा माल मिळवून गावं आणि रस्ते बांधायचे. सौदेबाजीशिवाय तो पुढे सरकतच नाही. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत उमेदीची वर्षं घालवलेले एक काका येतात. "दोन मेंढ्या घे, वीट दे, आणि पुढच्या वेळी दरोडेखोर माझ्या शेतावर बसवायचा नाही," असा करार करूनच ते उठतात. दोन फाशांची बेरीज सात आली की माल अडवणारा हा दरोडेखोर हलवायचा, आणि सात यायची शक्यता ३६ पैकी ६, म्हणजे सगळ्यांत जास्त. त्यामुळे दरोडेखोर सारखा फिरत असतो आणि काकांचे करार सारखे मोडत असतात.

तरी माझं मत विचाराल तर नवख्याला पहिल्याच दिवशी कटान देऊ नका. सुरुवातीची दोन गावं चुकीच्या जागी पडली की बिचारा तासभर दुसऱ्यांचे रस्ते मोजत बसतो, आणि पुढच्या रविवारी येत नाही. त्याच्यासाठी कार्कासोन. ७२ टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे; एक उचलायची, जुळेल तिथं लावायची. शेजारच्याने "अरे, इकडं लाव की" म्हटलेलं चालतं, किंबहुना ओळख तिथंच होते.

खरी गर्दी वाढवली ती कोडनेम्सने. यात कप्तान एक शब्द आणि एक आकडा सांगतो; त्या शब्दाशी जुळणारे तेवढे आपले शब्द टेबलावरून संघाने ओळखायचे. इंग्रजी शब्दांमुळे घरातली मोठी माणसं लांबूनच बघायची. मग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मराठी शब्द लिहून आम्हीच पत्ते कापले. टेबलावर २५ शब्द, सुरुवात करणाऱ्या संघाचे ९, दुसऱ्याचे ८, ७ कोणाचेच नाहीत आणि एक मारेकरी. तो उघडला की डाव तिथंच खलास. परवा आमच्या कप्तानाने सूचना दिली, "हळद, तीन." त्याच्या मनात सांगली, लग्न आणि दूध. काकूंनी सांगली बरोबर ओळखलं, लगेच दुसरं बोट ठेवलं ‘जखम’वर. तोच मारेकरी! कप्तानाने कपाळावर हात मारला. काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, बोट कापल्यावर तुम्ही काय लावता? दूध?" दोन्ही टेबलं थांबली. समोरचा संघसुद्धा त्यांच्याच बाजूने भांडायला लागला. त्या दिवसापासून काकू शेजारणीलाही घेऊन येतात.

एक नियम मात्र कडक केलाय: भडंग मध्यंतरात. तेलकट बोटांनी टाइल्स धरल्या की पुठ्ठ्यावर डाग पडतो तो जात नाही, आणि पावसाळ्यात पत्ते आधीच वाकलेले असतात. पत्त्यांना प्लास्टिकची कव्हरं घातली आहेत. टाइल्सवर अजून इलाज सापडलेला नाही.

पुढच्या रविवारी पॅन्डेमिक. सगळे मिळून रोगांशी लढायचं, जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. यात एकच शहाणा सगळ्यांच्या चाली ठरवायला लागतो हा जुना ताप. म्हणून ज्याची पाळी त्याने आधी बोलायचं, बाकीच्यांनी नंतर, असं ठरलंय. खेळ चौघांचाच, त्यामुळे उरलेल्यांसाठी शेजारी मराठी कोडनेम्स मांडू. पत्त्यांत आणखी शब्द हवेत: घाट, पाटा, रिक्षा, गुऱ्हाळ एवढे लिहून झालेत. येताना आपापले आणा, आणि लग्नपत्रिका जाड कागदाची बघा.